छोट्या पोस्टला हजारो लाइक आणि कथेला १७ वाचक, काय करू?

चौथीसीट (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी. मी वागळे इस्टेटला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. लिहायला लागून सहा वर्षं झाली, आधी वहीत, मग लॉकडाउनपासून मोबाइलवर. कथा लिहिते. मोठ्या. म्हणजे कादंबरी नाही, पण वाचता वाचता चहा दोनदा गार होईल इतक्या.

तर मागच्या वर्षी एका लिहिणाऱ्या मैत्रिणीने डोक्यात भरवलं की अगं नुसती कथा टाकून कोण वाचतंय, आधी नाव दिसायला पाहिजे, रोज शंभर-दीडशे शब्दांचं काहीतरी टाकत जा, लोक ओळखायला लागले की येतील कथेकडे. पटलं मला. रोज रात्री भांडी झाली की ओट्याला टेकून एक तुकडा, असं करत आठ महिन्यांत दोनशेच्या वर पोस्टी झाल्या. बहुतेकींना पन्नास-साठ लाइक. त्यातली एक मात्र सुटली. सुटली म्हणजे किती, तर नणंदेच्या ऑफिसच्या ग्रुपवर माझं नाव गाळून फिरत आली आणि नणंदेने ती मलाच फॉरवर्ड केली, "बघ, किती छान लिहिलंय, तू असं का नाही लिहीत?"

ती पोस्ट ही:

"ठाण्याहून सुटणारी संध्याकाळची लोकल. चौथ्या सीटवर मी, म्हणजे अर्धी सीटवर, अर्धी हवेत. खिडकीतल्या काकू मेथी निवडत होत्या. मध्ये एक पोरगी, डोळे सुजलेले. काकूंनी काही विचारलं नाही. अर्धी जुडी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, देठ नको घेऊस. कोपरखैरणेपर्यंत दोघी निवडत होत्या. कोण म्हणतं मुंबईत माणुसकी उरली नाही? तुम्हालाही भेटल्यात का अशा काकू? कमेंटमध्ये नक्की सांगा."

चार हजार फॉलोअर वाढले यावर. मला वाटलं आता हीच वेळ, दुसऱ्याच दिवशी माझ्या मिठागराच्या कथेची लिंक टाकली. मिठागरावरच्या मुकादमाच्या बायकोची गोष्ट आहे, नऊ हजार शब्द, दोन वर्षं घातलीत तिच्यात, ऐरोली पुलावरून बस जाताना मुलुंड-भांडुपकडची मिठागरं दिसतात तिथून सुचली. वाचक किती? १७. त्यात मी, आई आणि तीच मैत्रीण. एक कमेंट आली, "ताई लोकलवाल्या पोस्ट टाका ना."

तर प्रश्न दोन. हे रोजचं तुकडे टाकणं चालू ठेवू का? आणि एका परदेशी साइटवर इंग्रजीत छोटं लिहिलं तरी पैसे मिळतात असं ऐकलं, तिकडे जाऊ का?

नौपाडाकर

ताई, पहिली गोष्ट म्हणजे छोटं लिहिण्यात कमीपणा मानू नका. चारोळी काय, अलक (अति लघुकथा) काय, शाळेच्या फळ्यावरचा सुविचार काय, मराठी माणूस थोडक्यात लिहीतच आलाय. ओवी तर जात्यावर बसल्या बसल्या व्हायची, तिला कुठे फॉलोअर होते.

दुसरं असं की कथेचं घर वेगळं असतं हो. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीतली लांब कथा दिवाळी अंकातच राहते. तिथे वाचणारा फराळाची ताटली घेऊन आडवा पडलेला असतो, त्याला कुठे जायचं नसतं. तुम्ही तीच कथा अशा माणसाला दाखवताय जो एका हाताने वरची कडी धरून उभा आहे आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फीड वर ढकलतोय. अंकवाले पावसाळ्याच्या सुरुवातीलाच साहित्य मागवतात, तेव्हा पाठवा. आणि ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, म्हणजे वाचणारा माणूस या गावाला नवा नाही. तो मोबाइलवर सापडत नाही इतकंच.

मोबाइलचं मला फारसं कळत नाही, ते इथली पोरं सांगतील.

रँकिंगवाला (ऐरोली)

पोरगं आलं काका 😄 पोटापाण्याचं कामच हे असल्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

फीडमध्ये कुठली पोस्ट वर दिसेल ते ठरवणारा अल्गोरिदम म्हणजे कोणी संपादक चष्मा लावून बसलाय असं सगळ्यांना वाटतं, तसं काही नसतं. तो फक्त अंदाज बांधतो. हा माणूस, ही पोस्ट, मग हा लाइक करेल याची शक्यता किती, कमेंट करेल याची किती, वैतागून लपवेल याची किती. प्रत्येक शक्यतेला एक वजन दिलेलं असतं, गुणायचं, बेरीज करायची, ज्या पोस्टचा आकडा मोठा ती वर. ट्विटरने मार्च २०२३ मध्ये आपला कोड उघडा केला आणि पाठोपाठ ही वजनंही दिली. तेव्हाची वजनं बघा, लाइकला ०.५, रिट्वीटला १, रिप्लायला १३.५, आणि कोणाच्या रिप्लायला लेखकाने स्वतः दाद दिली तर त्याला ७५. 'हे मला नको' म्हटलं तर उणे ७४. म्हणजे ताई तुमचा एक "धन्यवाद 🙏" हिशेबात दीडशे लाइकच्या तोलाचा. आता कळलं ना, जो तो पोस्टच्या शेवटी "तुमचं काय मत?" का विचारत बसतो?

फेसबुकचंही तसंच. २०१७ पासून बदाम, राग वगैरे इमोजींना साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं, त्याने भांडणं लावणारं सगळं वर तरंगायला लागलं, शेवटी २०२० मध्ये रागाचं वजन शून्यावर आणलं. मधे जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता पेजच्या पोस्टपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या आपसातल्या गप्पांना वर आणणार. तेव्हापासून लेखकसुद्धा गप्पा मारल्यासारखं लिहायला लागले असं माझं मत आहे, पुरावा मागू नका.

आता तुमची कथा. नऊ हजार शब्द वाचून झाल्यावर माणूस कमेंट करत नाही, सुस्कारा सोडतो आणि फोन खाली ठेवतो. सुस्काऱ्याला वजन नाही. त्यात ती लिंक, म्हणजे माणसाला दुकानातून बाहेर नेणार, दुकानदाराला ते कशाला आवडेल. म्हणून तर लोक लिंक पहिल्या कमेंटमध्ये टाकतात. आणि ते चार हजार जण तुमच्याकडे नाही आले हो, मेथीच्या काकूंकडे आले. त्यांच्यासमोर मिठागर आलं, अंगठा पुढे सरकला, मशीनने काय समजायचं ते समजून घेतलं.

परदेशी साइटचं म्हणाल तर तुम्ही कुठलीबद्दल ऐकलंय माहीत नाही, पण मिडियमचं गणित सांगतो, मजेशीर आहे. तिथे पैसे भरणारा मेंबर वाचक ३० सेकंद किंवा जास्त थांबला तरच त्याला पैशाच्या हिशेबात धरतात. आणि वाचायला किती वेळ लागेल ते काढताना त्यांनीच मिनिटाला २६५ शब्दांचा वेग धरलाय. करा भागाकार. शंभर शब्दांची पोस्ट २३ सेकंदात संपते. म्हणजे सव्वाशे शब्दांच्या आत लिहिलंत तर मन लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस हिशेबात येतच नाही, आणि जो मधेच दूध उतू गेलं म्हणून उठला आणि टॅब उघडा ठेवून गेला तो येतो!

चौथीसीट

दूध उतू गेलं 😂😂 रँकिंगवाला दादा, फार छान समजावलंत, ७५ वाचून मी खरंच डोक्याला हात लावला. मी सगळ्या कमेंटना उत्तर द्यायचे कारण आईने शिकवलंय कोणी कौतुक केलं तर गप्प बसू नये. तो संस्कार मशीनला आवडला म्हणायचा.

काका, दिवाळी अंकाला दोनदा पाठवली होती. एकदा उत्तरच नाही, एकदा "शब्दमर्यादा तीन हजार" म्हणून परत. तीन हजारात मुकादमाची बायको मिठागरापर्यंत पोचत पण नाही.

दिवा_स्लो

तुकडे टाक, नको टाकू, तुझी मर्जी, पण एक कळकळीने सांगते, त्या "एकमेकांना सपोर्ट" ग्रुपांमध्ये चुकूनही जाऊ नकोस. मी वर्षभर होते एकात. साठ जणी-जण, सगळे लिहिणारे, रात्री ९ वाजले की ज्याने त्याने आपापली लिंक टाकायची आणि साडेदहापर्यंत बाकीच्या सगळ्यांच्या पोस्टवर लाइक आणि किमान चार शब्दांची कमेंट. चार शब्दांची हा नियम होता, कारण नुसतं "मस्त" चालत नाही म्हणे. मग काय, "खूपच सुंदर लिहिलंत ताई", मोजा, चार. मी कॉपी करून ठेवलं होतं, पेस्ट पेस्ट पेस्ट. एकदा एकीने तिचे सासरे गेल्याचं लिहिलं होतं आणि मी त्याच्याखाली "खूपच सुंदर लिहिलंत ताई" चिकटवून मोकळी. तिने लाइक केलं त्याला. म्हणजे तिनेही वाचलं नव्हतं.

उंटाच्या लग्नात गाढव गवई, अहो रूपम् अहो ध्वनिः, दुसरं काय. आकडे वाढले हो, नाही असं नाही. पण माझी पोस्ट ज्यांना दाखवली जायची ते सगळे त्या ग्रुपातलेच किंवा त्यांच्यासारखे, म्हणजे ज्यांना स्वतःचं वाचून हवंय असेच. वाचक म्हणून वाचणारा एक माणूस नाही. सोडला ग्रुप, तर एकीने अनफ्रेंड केलं, वर स्टेटस टाकलं की काही लोक गरज संपली की विसरतात.

मुद्रितशोधक

मी तीस वर्षं प्रुफं तपासली, त्यामुळे मला तुमच्या आकड्यांपेक्षा तुमची पोस्ट बघाविशी वाटली. राग मानू नका.

"देठ नको घेऊस" इथे पोस्ट संपलीय. फार तर "कोपरखैरणेपर्यंत दोघी निवडत होत्या" इथे. पुढची तीन वाक्यं तुमची नाहीत. ती दुसऱ्या कुठल्याही पोस्टच्या शेपटीला लावा, तितकीच बसतील. काकूंनी त्या पोरीला काही विचारलं नाही हेच त्या प्रसंगातलं सोनं आहे, आणि तुम्ही लगेच सगळ्या जगाला विचारलंत, कमेंटमध्ये सांगा म्हणून. काकू तुमच्यापेक्षा चांगल्या लेखिका निघाल्या.

रँकिंगवाले म्हणतील त्या शेपटीमुळेच पोस्ट चालली. चालली असेल. पण दोनशे वेळा अशी शेपटी लावली की हाताला सवय लागते. तुमच्या मिठागराच्या कथेचा शेवट मी वाचलेला नाही, तरी विचारतो, तिथेही असं एखादं वाक्य आलंय का बघा.

जाता जाता एक गंमत. ट्विटरवर २८० अक्षरं मिळतात म्हणतात ना, मराठीत तितकी मिळत नाहीत. तिथे काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह सगळं सुटं मोजतात. "स्त्री" हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, तिथे सहा: स, पाय मोडला, त, पाय मोडला, र, दीर्घ वेलांटी. "घर" मात्र दोनच. त्यामुळे जोडाक्षरं टाळून लिहिणारा मराठी माणूस तिथे फायद्यात असतो. मी एकदा पूर्ण संध्याकाळ या उद्योगात घालवली, बायकोने शेवटी वायफाय बंद केलं.

रँकिंगवाला (ऐरोली)

काका _/\_ स्त्रीला सहा, हे मला कोड लिहिणाऱ्याला पण कधी मोजावंसं वाटलं नव्हतं.

शेपटीमुळेच चालली असं मात्र मी म्हणणार नाही. शेपटी दोनशे पोस्टींना होती ना, चालली एकच. मेथीमुळे चालली. फेसबुकने २०१५ मध्येच सांगितलं होतं की माणूस एखाद्या पोस्टवर किती वेळ थांबला तेही बघतो, लाइक न करता नुसतं थांबला तरी. "देठ नको घेऊस" वर माणूस थांबला असणार.

चौथीसीट

मुद्रितशोधक काका, रात्री हे वाचलं आणि उठून कथेचा शेवट उघडून बघितला.

आहे. शेवटचा परिच्छेद. "मीठ डोळ्यातलं असो की खाडीतलं, चव एकच." लिहिताना मला तेच सगळ्यात भारी वाटलं होतं, त्याचं वेगळं चित्र करून पोस्ट पण केलं होतं, मागे सूर्यास्त लावून. १९० लाइक होते. पूर्ण कथेला १७.

पामबीच (नेरुळ)

तुझ्या बाजूने बोलणारी एक तरी पाहिजे म्हणून लिहितेय, कारण इथे सगळे "छोटं लिहू नकोस" वर आलेत असं वाटायला लागलं. मला छोट्या पोस्टींनीच वाचक मिळवून दिले, आणि माझं लिखाण काही लोकलमधल्या काकूंसारखं गोड पण नाही. मी खाडीवर लिहिते, तिवरं, फ्लेमिंगो, करावे-दारावेकडची जुनी कोळी-आगरी घरं, नवी मुंबई वसवणारी सिडको येण्याआधी कुठे काय होतं. १९७० ला सिडको झाली, त्याच्या आधीचं सांगणारी माणसं आता थोडी उरलीत, त्यांच्याकडे जाऊन बसते, रेकॉर्ड करते, मग मोठे लेख होतात, चार-पाच हजार शब्दांचे.

मी पण आधी तुझ्यासारखंच करायचे, म्हणजे पोस्टमध्ये एक दुनिया आणि लेखात दुसरी. पोस्ट कशावर, तर पहिला पाऊस, आईची आठवण, सोमवारची सकाळ. लोक यायचे आणि लेख बघून पळायचे, तुझ्या कमेंटवालीसारखे. मग एकदा कंटाळून लेखातलाच एक कोपरा उचलून टाकला. एका आजींनी सांगितलं होतं की भरतीची वेळ त्यांना घड्याळात कळायची नाही, अंगणातल्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं की समजायच्या. एवढंच, साठ-सत्तर शब्द. खाली "पूर्ण वाचण्यासाठी" नाही, लिंक नाही, काही नाही. लाइक आले ४०. पण तीन जणांनी मेसेज करून विचारलं, विहीर कुठली? त्या तिघांना लेख पाठवला. तिघांनी वाचला, एकाने काकाला पाठवला, काकाने मला फोन करून अर्धा तास मी कुठे कुठे चुकले ते सांगितलं, आता तो काका माझा सगळ्यात पक्का वाचक.

असे विचारणारे जमवत जमवत आज व्हॉट्सॲपवर २१४ जण आहेत. दोनशे चौदा, हजार नाहीत. पण महिन्याला एक लेख पाठवते आणि निम्म्याहून जास्त लोक त्यातल्या मजकुरावर काहीतरी बोलतात, अंगठा दाखवून सुटत नाहीत. तिथे मधे कुठलं मशीन नाही, मी पाठवलं की पोचलं. पैसे? शून्य. चहाचे पण नाहीत. ते आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुला वाटेल मी काहीतरी कोर्स विकायला आलेय.

तेव्हा मिठागराचे तुकडे टाक ना गं! मुकादमाची बायको सकाळी पायाला काय लावून उतरायची, मिठाची रास कशी ओढतात, एखादा बारका तपशील. काकूंची मेथी चालली ती तू समोर बसून बघितलीस म्हणून. मिठागर पण बघितलंयस ना तसं?

चौथीसीट

बघितलंय. दोनदा गेले होते, एकदा तर ऑफिसला दांडी मारून. उघड्या पायाने चालून चालून टाचांना इतक्या भेगा पडतात की मीठ आत जातं, म्हणून तिथली एक बाई रात्री मेणबत्तीचं मेण वितळवून भेगांत भरायची. हे कथेत आहे, सहाव्या पानावर. पण पोस्ट करण्यासारखं कधी वाटलं नाही, मला वाटलं लोकांना काहीतरी छान हवं असतं.

नौपाडाकर

मेणाचं वाचून अंगावर काटा आला ताई. हे सहाव्या पानावर का लपवून ठेवलंत?

दिवा_स्लो

हो ना!! आणि मेणाच्या खाली "तुमच्याही टाचांना भेगा पडतात का, कमेंटमध्ये सांगा" लिहिलंस तर बघ 😡

चौथीसीट

नाही लिहिणार 😄 बरं, सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी कधी सांगितलं नव्हतं. रोजचं बंद करते. आठवड्यात एक टाकेन, मिठागरातलंच. कथेचा शेवटचा परिच्छेद आत्ताच उडवलाय, सूर्यास्तासकट.

फक्त एक बोलू? रागाने नाही, गंमत म्हणून. काल सकाळपासून धागा चाललाय, अल्गोरिदम झाला, स्त्रीची सहा अक्षरं झाली, विहीर झाली. कथेची लिंक एकानेही मागितली नाही.

मुद्रितशोधक

अरेरे. खजील झालो. शेवट उडवल्यावरची प्रत द्या, आधीची नको.

रँकिंगवाला (ऐरोली)

मेलो 🙈 मला पण द्या. पण नऊ हजार शब्द म्हणजे ठाणे-वाशी लोकलमध्ये, अर्ध्या तासात, होईल का वाचून?

चौथीसीट

वाशीला अर्धवट राहील. पनवेलची पकडा.

रँकिंगवाला (ऐरोली)

पकडतो. खिडकी मिळाली तर.